श्वासाच्या यंत्राची निगा

(नभोवाणीवरील भाषण)



आज पिकाबद्दल किंवा खताबद्दल बोलणार नाही. आज एका यंत्राबद्दल बोलायचं आहे. हे यंत्र शेतात नसतं, उशाशी असतं. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांना डॉक्टर हे यंत्र वापरायला सांगतात. त्याला सीपॅप म्हणतात. आमच्या घरी त्याचं नाव "घोरण्याचं मशीन".

तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? मी डॉक्टर नाही. पण माझे वडील शेतकरी आहेत आणि त्यांच्या उशाशी हे यंत्र आहे.

वडील रात्रभर घोरायचे. मध्येच श्वास थांबायचा आणि मग एकदम दचकून सुरू व्हायचा. दिवसा बसल्या जागी डुलकी. एकदा ट्रॅक्टरवर डोळा लागला आणि ट्रॅक्टर बांधावर चढला. नशीब म्हणून उलटला नाही. तपासणी झाली, यंत्र आलं आणि काही दिवसांतच माणूस पहिल्यासारखा ताजातवाना झाला.

पण पुढच्या पावसाळ्यात त्यांचं नाक चोंदू लागलं. सकाळी घसा धरायचा. मास्कला कुबट वास येऊ लागला. "मला हे मशीनच बाधतंय," म्हणाले आणि त्यांनी ते माळ्यावर टाकलं. पुन्हा घोरणं सुरू, पुन्हा डुलकी सुरू. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा यंत्र खाली काढलं. पाण्याची डबी उघडून आत बोट फिरवलं, तर बुळबुळीत थर. कडेला पांढरे क्षार. हवेची गाळणी मातीने काळी झालेली. ठिबकची गाळणी धुवा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा मी. बापाच्या श्वासाची गाळणी मी एकदाही उघडून पाहिली नव्हती!

हे यंत्र चालतं कसं ते आधी पाहू. झोपेत घशातले स्नायू सैल पडतात आणि काहींची श्वासाची वाट मिटते. १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, आणि असं रात्रीतून पुष्कळदा होतं. यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, गाळणीतून गाळतं आणि थोड्या दाबाने नळीवाटे मास्कमध्ये सोडतं. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही पद्धत प्रथम जगापुढे मांडली. हवा कोरडी पडू नये म्हणून पुष्कळ यंत्रांत पाण्याची डबी असते.

आता ओल, ऊब आणि मळ जिथे एकत्र येतात, तिथे जंतू आणि बुरशी वाढणारच. हे तुम्हाला मी सांगायला नको. कालच्या दुधाचा थेंब भांड्यात राहिला तर तो आजच्या दुधाला विरजणासारखा लागतो. डबीतल्या शिळ्या पाण्याचं तसंच आहे. रात्रभर हवा त्या पाण्यावरून जाते आणि नाका-छातीत शिरते. त्यातून नाक चोंदणं, घसा धरणं, खोकला असे त्रास होऊ शकतात, कधी जंतुसंसर्गही होतो. दमा, मधुमेह असणाऱ्यांनी तर जास्तच जपावं.

रोज सकाळी काय करावे? यंत्र बंद करून वायर प्लगमधून काढावी. डबीतलं उरलेलं पाणी ओतून द्यावं. कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात भर घालून पुन्हा वापरू नये. डबी कोमट पाण्याने धुऊन उपडी ठेवावी. मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग साध्या, बिनवासाच्या साबणाने धुवावा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत विसळावा. चेहऱ्याचा घाम आणि तेल त्यालाच लागतं. म्हणून झोपण्यापूर्वी तोंड धुवावं. खोबरेल चोपडून मास्क लावू नये. हे सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

आठवड्यातून एकदा नळी, डोक्याचे पट्टे आणि पूर्ण मास्क साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा. नळीतून स्वच्छ पाणी सोडून ती टांगून ठेवावी, म्हणजे आतलं पाणी निथळेल. नळी गरम होणारी, तारेची असेल तर यंत्राबरोबरची पुस्तिका पाहूनच धुवावी. डबीत क्षार धरले असतील तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी घालून थोडा वेळ ठेवावं आणि मग भरपूर पाण्याने विसळावं. यंत्राचं खोकं मात्र कधीही पाण्यात बुडवू नये. ओलसर फडक्याने पुसून घ्यावं.

गाळणी दोन प्रकारची असते. स्पंजची असेल तर आठवड्याला धुवावी आणि पूर्ण सुकल्यावरच बसवावी. पांढरी, कागदासारखी असेल तर ती धुवायची नसते, बदलायची असते. महिन्याला ती नक्की पाहावी. मळणीच्या, उफणणीच्या दिवसांत धूळ फार असते, तेव्हा आठवड्याला पाहावी.

पाणी कोणते घालावे? औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात. एखाद्या दिवशी डिस्टिल्ड मिळालंच नाही, तर उकळून गार केलेलं पाणी चालवून घ्यावं. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी वापरू नये. ते श्वासासाठी केलेलं नसतं, आणि शेजारी ॲसिडची बाटली असली तर चूक जिवावर बेतेल.

आता नेहमीच्या चुका. डेटॉल, फिनेल, ब्लीचिंग पावडर, स्पिरिट यांनी हे भाग धुवू नयेत. त्याचा अंश श्वासातून छातीत जातो. सर्दी झाली म्हणून डबीत निलगिरीचं तेल किंवा कापूर टाकू नये. दुधाची भांडी आपण उन्हात वाळवतो, ते योग्यच आहे. पण मास्क आणि नळी उन्हात ठेवली तर ती लवकर कडक होऊन चिरतात. सावलीत, वाऱ्याला सुकवावी. ओझोनने किंवा किरणांनी साफ करणारी खोकी विकायला येतात. त्यांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध झालेला नसल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला होता. साबण-पाणी पुरेसं आहे.

जागेचंही पाहा. यंत्र खोलीतलीच हवा ओढतं. म्हणून ज्या खोलीत कडबा, भुसा किंवा बुरशी आलेलं धान्य आहे, तिथे ते ठेवू नये. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे तर झोपायच्या खोलीत असताच कामा नयेत. डासांची अगरबत्ती, धूप यंत्राजवळ लावू नये. यंत्र उशीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावं, म्हणजे नळीत साचलेलं पाणी तोंडावर येणार नाही. एकाचा मास्क दुसऱ्याने लावू नये.

सर्दी-पडसं असेल तेव्हा मास्कबरोबर नळीही रोज धुवावी. ताप, हिरवा-पिवळा कफ, धाप, छातीत दुखणं असं काही झालं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं. पण त्यांना विचारल्याशिवाय यंत्र माळ्यावर टाकू नये. वडिलांच्या बाबतीत यंत्र बाधत नव्हतं, मळ बाधत होता.

आज आमच्या घरी आई धार काढून आली की चरवी घासायला बसते, आणि शेजारी वडील आपली डबी विसळतात. ट्रॅक्टर तेच चालवतात.

लक्षात ठेवा

१. शिळं पाणी रोज ओता, डबी आणि मास्क रोज धुवा.
२. नळी, पट्टे आणि स्पंजची गाळणी आठवड्याला धुवा.
३. कागदी गाळणी धुवू नका, बदला.
४. डिस्टिल्ड पाणी घाला, त्यात दुसरं काही टाकू नका.
५. सावलीत सुकवा, पूर्ण सुकल्यावरच जोडा.
६. त्रास झाला तर डॉक्टरांना विचारा. यंत्र मनाने बंद करू नका.