कोंबड्यांच्या खुराड्यापासून रेडिओपर्यंत

बँडमध्ये पितळेचे एक लांबलचक वाद्य असते. वाजवणारा त्याची नळी पुढेमागे सरकवतो आणि आपल्या मींडेसारखा आवाज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो. हा ट्रॉम्बोन. तो वाजवणाऱ्या किड ओरीची हकिकत आज सांगायची आहे.

ओरी जन्मला २५ डिसेंबर १८८६ रोजी, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, एका उसाच्या मळ्यावर. वाद्य घ्यायला पैसे कुठले? पोराने सिगारच्या खोक्याचेच वाद्य केले. पुढे तो न्यू ऑर्लिन्स शहरात आला. जाझ संगीत तिथे आकार घेत होते. बँड गाडीत बसून जाहिरात करीत फिरत. ट्रॉम्बोनची नळी शेजाऱ्याला लागू नये, म्हणून वादकाला मागच्या फळीशी बसवीत. या वादनशैलीला नावही त्या फळीवरूनच पडले : 'टेलगेट'. धून दुसऱ्याने वाजवायची आणि ट्रॉम्बोनने तिला खालून आधार द्यायचा, हे तिचे मर्म.

दुसऱ्याला आधार देण्याचा हा गुण ओरीच्या स्वभावातही असावा. त्याच्याच बँडमध्ये कोवळ्या लुई आर्मस्ट्राँगला संधी मिळाली. पुढे आर्मस्ट्राँग जगप्रसिद्ध झाला, आणि १९२६ साली शिकागोत त्याच्या ध्वनिमुद्रिकांत ट्रॉम्बोन वाजवायला ओरी बसला. 'मस्क्रॅट रॅम्बल' ही त्यांतलीच एक.

मग मंदी आली. लोकांची आवडही बदलली. ओरीने वाद्य बाजूला ठेवले आणि भावाबरोबर कोंबड्या पाळल्या. पोटाचा प्रश्न होता; त्यात कमीपणा कसला?

अशी वर्षे गेली. १९४४ साली प्रसिद्ध नट आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्स याने आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी जुन्या वादकांचा बँड जमवला. त्यात ओरी होता. १९ एप्रिलला त्यांच्यातला क्लॅरिनेटवादक जिमी नून वारला. उरलेल्यांनी त्याच्या स्मरणार्थ रेडिओवरच एक शोकधून वाजवली. श्रोत्यांना हा बँड फार आवडला. सत्तावन्न वर्षांच्या ओरीचे दिवस पालटले. पुढे त्याचा स्वतःचा बँड युरोपातही वाजला. १९७३ साली तो होनोलुलू येथे वारला.

श्रोतेहो, कोपऱ्यात पडलेल्या वाद्यावर धूळ बसते; वाजवणाऱ्याच्या हातावर बसतेच असे नाही. कोणीतरी त्याला बोलवावे लागते, एवढेच.