हळहळ आणि पश्चात्ताप
(मंदिराच्या महोत्सवानिमित्त धर्मग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मरणाचा विषय काढावा, हे कित्येकांस रुचणार नाही. मंडप सजला आहे, बँड वाजत आहे, आणि धर्मगुरू मात्र स्मशानभूमीकडे बोट दाखवीत आहेत! परंतु ज्या मंदिराचा हा महोत्सव, त्याच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारीच मृतांची नोंदवहीही ठेविलेली आहे. येथल्या नाहीतर दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामाच्या, पण अशाच वहीत आपणा प्रत्येकाचे नाव एक दिवस उतरणार. त्या वहीत नाव, वय, मरणाची व दफनाची तारीख, अखेरचे संस्कार मिळाले की नाहीत, एवढेच लिहावयाचे असते. मनात काय राहून गेले यासाठी तीत रकाना नाही. ते धर्मगुरूच्या कानी मात्र पडते.

पापनिवेदनात जे ऐकिले त्याविषयी आमचे ओठ शिवलेले आहेत. आम्ही सांगतो ते आजाऱ्याच्या खाटेशी, घरच्यांच्या देखत, उघड बोलले जाते तेवढेच. घरावर आणखी एक मजला चढवावयाचा राहिला, अशी खंत आम्ही एकाही रोग्याच्या तोंडून ऐकिलेली नाही. ऐकिले ते असे : धाकट्याला एकदा बोलवा. पुतणीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. बाप जिवंत होता तोवर त्याच्याजवळ घटकाभर बसलो नाही. आपल्या वसईत वीतभर बांधापायी, सामाईक विहिरीच्या पाण्यापायी, सख्ख्या भावांनी वर्षानुवर्षे अबोला धरिला. पुढे वाड्यांवर इमारती उठल्या, बांध गेला, विहीर बुजली. अबोला तेवढा शाबूत राहिला! मग एके दिवशी मयताची घंटा वाजते, आणि जो उंबरठा चढला नव्हता तोच भाऊ शवपेटीवर डोके ठेवून रडतो. ते अश्रू खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. ते उशिरा आलेले असतात.

यालाच आम्ही हळहळ म्हणतो. पश्चात्ताप ही वस्तू निराळी. प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री दोघा शिष्यांनी त्याचा घात केला : पेत्राने त्यास नाकारिले, यहूदाने त्यास विकिले. दुःख दोघांसही झाले. यहूदाने तर तीस नाणीही परत केली. पण ती नेऊन दिली याजकांना. ज्याचा अपराध केला होता त्याच्याकडे तो वळला नाही. पेत्र रडला, आणि पुढे तिबेर्याच्या सरोवरावर प्रभू दिसताच मचवा किनाऱ्यास लागण्याचीही वाट न पाहता त्याने पाण्यात उडी घेतली. पश्चात्तापाला असे पाय असतात. हळहळ बसल्या जागी झुरते.

आयुष्य भरभरून जगावे म्हणजे खाऊनपिऊन घ्यावे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. जेवणावळींशी आमचे वैर नाही, हे आज दुपारी सर्वांच्या प्रत्ययास येईलच. परंतु भरलेले आयुष्य पाहावयाचे असेल तर आपल्याच वसईचा संत गोन्सालो गार्सिया पाहावा. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. तरुणपणी तो जपानला गेला, आणि येशूसंघात आपणास घेतील म्हणून त्याने वर्षानुवर्षे सेवा केली. ती इच्छा पुरी झाली नाही. तो व्यापारात पडला, तेथे त्याचा जम बसला. एखाद्याने म्हटले असते, हे माझे फुकट गेलेले दिवस! पण त्याच दिवसांत जपानी भाषा त्याच्या जिभेवर रुळली होती. मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा दुभाष्या म्हणून त्यांच्याबरोबर गेला तो हाच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांस क्रुसावर भाल्यांनी मारिले, त्यांत तोही होता. वय चाळिशीच्या आसपास. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यास संतपद दिले. नकार मिळाला म्हणून तो किनाऱ्यावर झुरत बसला असता, तर त्या टेकडीपर्यंत पोहोचलाच नसता.

आता एक घरगुती गोष्ट. फादरांना बोलाविले म्हणजे मरणाला बोलाविले, ही समजूत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाही. त्यामुळे आजाऱ्याची शुद्ध हरपेपर्यंत कोणी आमच्याकडे येत नाही. आजारी बोलू शकतो तेव्हा आम्हास निरोप नाही. निरोप येतो तेव्हा त्याचे बोलणे सरलेले असते. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारी पोहोचलेल्यांचा नव्हे. त्यास रुग्णाभ्यंग म्हणणेच अधिक योग्य. म्हणून डॉक्टरांबरोबरच आम्हासही लवकर बोलवा. शुद्धीवर असलेल्या माणसास क्षमा मागता येते, देता येते, आणि भावाला हाक मारिता येते.

ज्यांच्या घरी असा अबोला असेल त्यांच्यासाठी या महोत्सवी वर्षात दर शनिवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर आमच्या निवासाचे दार उघडे राहील. सातबारा, नकाशे, वकिलांचे कागद घरीच ठेवावेत. आम्हास त्यांतले काही समजत नाही. दोघांनी मिळून यावे अशीही अट नाही. प्रथम एकच आला तरी चालेल. दुसऱ्याच्या घरी आम्ही त्याच्यासंगे चालत येऊ.