मधल्या वयाची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२३ च्या पावसाळ्यात शारजाहून भाईजानचा फोन आला. भाईजान म्हणजे माझे थोरले बंधू. १९८३ साली ते वर्ध्याहून गॅरेजचे मिस्त्री म्हणून तिकडे गेले आणि पुढची चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली आडवे होऊन त्यांनी संसार उभा केला. आता कायमचं परत यायचं ठरलं होतं. काय काय आणणार त्याची यादी त्यांनी फोनवरच वाचून दाखवली. दोन ब्लँकेटं, भाभींची शिलाई मशीन, पान्यांची पेटी आणि गाडी.

“कोणती गाडी?” मी विचारलं.

“माझी. आणखी कोणती?”

ही त्यांची गाडी म्हणजे १९९१ ची टोयोटा लँड क्रूझर. एका मालकाच्या आवारात वाळूत रुतून पडली होती, ती त्यांनी १९९९ साली पगारातून पैसे कापून घेतली आणि दर शुक्रवारी थोडी थोडी करत उभी केली. त्या गाडीतून त्यांनी मुलांना शाळेत सोडलं, आजारी गाववाल्यांना दवाखान्यात नेलं. फोटोत मुलं मोठी होत गेली, मागची गाडी तीच राहिली.

“तू बीए आहेस,” भाईजान म्हणाले. “कायदा वाच आणि सांग, मुंबईला उतरवून वर्ध्यापर्यंत चालवत आणायला काय काय लागतं.”

आमच्या घरात बीए झालेला मी एकटा. त्यामुळे रेशनकार्डापासून निकाहनाम्यापर्यंत जो कागद येतो तो माझ्या पुढ्यात येतो. घरात मला जो मान आहे तो या कागदांमुळे, कवितेमुळे नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

मी कायदा वाचला. मित्रहो, बाहेरदेशची वापरलेली गाडी भारतात आणायला बंदी नाही. २००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरचे बरेच निर्बंध उठले, त्यात जुन्या मोटारींचाही दरवाजा उघडला. पण उघडला तो फटीएवढा. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा. दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या आपल्या वाहतुकीला जुळणारा हवा. उतरवायची ती मुंबई बंदरातच. उतरल्यावर पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यायची. आणि कर? तो कित्येक वर्षं गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त राहिला आहे. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीवरून २००३ मध्ये केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्या वर्षी आमच्या पानठेल्यावरसुद्धा लोक सीमाशुल्कावर बोलत होते. ती तर नवीकोरी गाडी होती.

भाईजानची गाडी बत्तीस वर्षांची. स्टिअरिंग डावीकडे, कारण आखातात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात. म्हणजे पहिल्या दोन अटींतच सगळं संपलं होतं. मी तसं कळवलं. पलीकडे बराच वेळ नुसती एसीची घरघर ऐकू येत होती. मग ते म्हणाले, “अब्बांच्या जीपचं स्टिअरिंग कोणत्या बाजूला होतं रे?”

आता तुम्हाला ती जीप सांगावी लागेल.

आमच्या अब्बांचं आर्वी नाक्याजवळ टिनाच्या शेडचं गॅरेज होतं. हिंगणघाटकडच्या एका मालगुजाराची जीप तिथं कायम पडलेली असायची. ती डिस्पोजलची जीप. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौज परत गेली, पण हजारो वाहनं आणि सामान हिंदुस्थानातच राहिलं. ते सरकारमार्फत विकलं गेलं, लिलाव झाले. सैन्यानं वापरून झालेली, कुठल्या कुठल्या आघाड्यांवर धावलेली ती वाहनं कापसाच्या मुलखात आली. जीपला काळ्या मातीचं भय नव्हतं. पावसाळ्यात जिथं दमणीचे बैल गुडघ्यापर्यंत रुतत तिथून ती पुढची चारही चाकं फिरवत निघून जाई.

चुकलो, पुढची दोन आणि मागची दोन. अब्बा असते तर इथं त्यांनी मला थांबवलं असतं.

त्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं. मागे पांढऱ्या रंगानं ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं लिहिलेलं होतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. अब्बांनी मला बॉनेटवर उचलून घेतलं आणि एका बोल्टच्या डोक्यावरचं ग्रीस चिंधीनं पुसून दाखवलं. त्यावर एक अक्षर उमटवलेलं होतं. एफ. युद्धाच्या काळात जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीज आणि फोर्ड. फोर्डवाल्यांनी आपल्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, हे अक्षर ठोकलं होतं. इंग्रजीतलं मी शिकलेलं पहिलं अक्षर ए नाही, एफ आहे. भाईजान मागे हँडल घेऊन उभे होते. ते हसले आणि म्हणाले, याला वरची सगळी अक्षरं सोडून सहावं शिकवता का?

उरसाच्या दिवसांत मालगुजार ती जीप अब्बांकडे देत. मग आम्ही गिरडला जायचो. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. जीपमध्ये आम्ही पाच जण आणि शेजारच्या वाड्यातले सात. गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा विकायला आणलेला सगळा माल दगड झाला, अशी कथा आहे. नारळ, सुपाऱ्या, जायफळं, सगळं. भाभी गेल्या वर्षी म्हणाल्या, “मुंबईच्या एजंटाला एकदा तिथं न्यायला पाहिजे.” त्या एजंटाचं पुढे येईल.

जीप बनवायचं काम आपल्याकडे सुरू झालं ते महिंद्रांमुळे. १९४५ मध्ये ती कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आद्याक्षरं तीच राहिली. अब्बा हा किस्सा प्रत्येक नव्या पोऱ्याला सांगायचे आणि वर म्हणायचे, “ते गेले. आपण राहिलो. आता जॅक आण.”

आमच्या वर्ध्याला वापरलेल्या परदेशी यंत्राचं कधी वावडं नव्हतं. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्या वेळच्या रस्त्याची एक गोष्ट म्हातारी माणसं सांगत. जमनालाल बजाजांकडच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपले होते आणि बापू तिला गमतीनं ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. ऑक्स म्हणजे बैल आणि पुढे फोर्ड. बजाजांच्याच घराण्यातल्या बच्छराजजींचं नाव लावून १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघालं. त्यांनी आधी बाहेरून स्कूटर आणि रिक्षा आणून विकल्या, १९५९ मध्ये त्या इथं बनवायचा परवाना मिळाला. तिकडे पुलगाव ते आर्वी ही लहान रुळांची गाडी १९१७ पासून कापूस वाहत होती. शेजारच्या यवतमाळ मार्गावर मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं! त्याला तीन वर्षांची अट कोण सांगणार?

परवान्यांच्या त्या काळात परदेशी गाडी मिळवायचा एक राजमार्ग होता. वकिलातींतले अधिकारी आपापल्या देशांना परतताना गाड्या सोडून जात, त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकत घेई आणि लिलावात काढी. नागपूरच्या एखाद्या डॉक्टरकडे अचानक मोठी अमेरिकन गाडी दिसली की अब्बा दुरूनच सांगायचे, “एसटीसीची आहे.” अशा गाडीचा एक गॅस्केट मिळवायला ते दोन दोन दिवस मुंबईच्या चोरबाजारात फिरत.

तर अशा घरात वाढलेल्या माणसाला मी सांगत होतो की तुमची गाडी येऊ शकत नाही.

भाईजाननी माझं ऐकलं नाही. कुणीतरी त्यांना मुंबईतल्या एका एजंटाचा नंबर दिला. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. त्यानं तीन वाटा सांगितल्या. पहिली, गाडी तिकडेच मधोमध कापायची, सुटे भाग म्हणून दोन खोक्यांत आणायची, इथं जोडायची आणि भंगारात गेलेल्या एखाद्या गाडीचा चेसिस नंबर तिच्यावर ठोकायचा. दुसरी, शेजारच्या एखाद्या देशात नोंदवून सीमेवरून आत आणायची. तिसरी तो भेटीत सांगणार होता. त्यासाठी आगाऊ दीड लाख रुपये.

मी त्याला फोन केला. तो नागपूरकडचा निघाला. अगदी मोकळेपणानं म्हणाला, “तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिले साहेब? गाडी थोडीच येऊन राहिली, कागद येऊन राहिले. गाडी त्याच्या मागं मागं येते.”

मी भाईजानना म्हटलं, पैसे देऊ नका. ते म्हणाले, दिले. मी म्हटलं, मग गाडी देऊ नका. कापलेली गाडी वर्ध्यात आली आणि उद्या आरटीओनं नंबर तपासला तर पकडले जाणार तुम्ही. चाळीस वर्षं परक्या मुलखात एक चलान न होऊ देणारा माणूस आपल्या गावात फौजदारी अंगावर घेणार का? माझा आवाज जरा चढला होता. थोरल्या भावाशी मी असा कधी बोललो नव्हतो. त्यांनी फोन ठेवला आणि चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. ईदलासुद्धा भाभींनीच सलाम कळवला.

त्या चार महिन्यांत मी ही अट बरोबर की चूक यावर पुष्कळ विचार केला. मला ती बरोबर वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२० मध्ये एक अहवाल काढला. २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या जगभर गेल्या. त्यातल्या सुमारे ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, निम्म्याहून अधिक आफ्रिकेत. श्रीमंतांच्या रस्त्यावरून धूर सोडते म्हणून काढलेली गाडी गरिबाच्या रस्त्यावर तोच धूर सोडते. दुबईत रास अल खोरला वापरलेल्या गाड्यांसाठी एक अख्खा मुक्त व्यापार विभागच आहे. भाईजाननी मला तिथं नेलं होतं, बघवत नाही एवढ्या गाड्या. आपण दरवाजा सताड उघडला तर त्या रांगांचं तोंड इकडे वळेल. केनियानंसुद्धा आठ वर्षांची मर्यादा घातली आहे.

हे सगळं मला पटतं. आणि तरी भाईजानच्या गाडीचं वाईट वाटतं. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींशी न भांडता बसल्या आहेत.

एजंटानं दीड लाखातले चाळीस हजार परत केले, तेही भाभींच्या भावानं दारात बसून घेतले म्हणून. २०२४ च्या सुरुवातीला भाईजाननी गाडी शारजातच एका अफगाण व्यापाऱ्याला विकली आणि ते विमानानं आले. नागपूरला मी घ्यायला गेलो. पान्यांची पेटी त्यांनी सामानात टाकली होती, तिच्या वजनापायी ब्लँकेटं तिकडेच राहिली. गळाभेट झाली. गाडीचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, सरकारनं नवा निर्णय केला. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्याच व्हिंटेज म्हणून परवान्याशिवाय आणता येत. आता पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली कुठलीही चालेल, फक्त ती विकता येणार नाही. अशा गाड्यांच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्येच आले आहेत. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नवी नोंदणी वीस हजारांची, आणि रोजच्या कामाला ती वापरायची नाही. प्रदर्शनात न्यायची, रॅलीत फिरवायची.

मी बातमी वाचून दाखवली. भाईजाननी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे २०४१. मी त्र्याऐंशीचा असेन.” मग म्हणाले, “तीन वर्षांची पोर चालते, पन्नाशीचा म्हातारा चालतो. कमावता माणूस तेवढा चालत नाही.” मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला. म्हातारा हा शब्द मला जरा लागला, पण बोललो नाही.

त्याच सप्टेंबरात केरळात कस्टमनं ‘ऑपरेशन नमखोर’ नावाची मोहीम काढली. भूतानमार्गे चोरट्या वाटेनं आणल्याच्या संशयावरून जुन्या महागड्या गाड्या जप्त केल्या, नामांकितांच्या घरांवर छापे पडले. टीव्हीवर क्रेनला लटकलेल्या गाड्या दाखवत होते, त्यात एक लँड क्रूझरही होती. भाईजान चहा पीत होते. कप खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, “त्या दिवशी तू फार ओरडलास माझ्यावर.” मी म्हटलं, “हो.” “ठीक आहे,” म्हणाले आणि त्यांनी बातम्या बंद केल्या.

गेल्या महिन्यात त्या अफगाण व्यापाऱ्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. धुळीचा रस्ता, मागे उघडे डोंगर आणि खरबुजांनी खिडक्यांपर्यंत भरलेली भाईजानची गाडी. तिथं स्टिअरिंग डावीकडेच लागतं. भाईजाननी फोटो बोटांनी मोठा केला. आधी टायर पाहिले, मग मागचा दरवाजा. त्याची फट नीट मिटलेली नव्हती.

“तू बीए आहेस,” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “त्याला इंग्रजीत लिही. म्हणावं, मागचा डावा दरवाजा आपटू नको. जरा वर उचलायचा आणि मग लावायचा.”