बदललेल्या खात्याचे पत्र

सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातात तेव्हा मागणी, दर आणि बीजक यांचा बराचसा व्यवहार ई-मेलवरच होत असल्याने, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ अशा आशयाचे बनावट पत्र कारखानदाराच्या नावाने ग्राहकाला, किंवा सूतपुरवठादाराच्या नावाने कारखानदाराला, सहज पाठवता येते. भाषेतील चुकांवरून असे पत्र ओळखावे, हा जुना सल्ला आता फारसा उपयोगाचा नाही. कारण भामटे आधी ‘फिशिंग’ने, म्हणजे खोट्या दुव्यावर पासवर्ड भरायला लावून, खरी मेलपेटीच उघडतात आणि मागील पत्रव्यवहार वाचून बीजक क्रमांकासह हुबेहूब मजकूर रचतात. कधी पत्त्यात रोमन ‘एम’ऐवजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी बसवलेले असतात व घाईत ते ‘एम’च भासतात, परंतु मेलपेटीच ताब्यात गेली असेल तर पत्ताही खराच दिसतो. म्हणून खातेबदलाची खातरजमा पत्रातील नव्हे, तर आधीपासून नोंदवलेल्या दूरध्वनी क्रमांकावरच करावी लागते. रक्कम गेलीच, तर ती पुढील खात्यांत वळवली जाण्यापूर्वी बँकेला आणि 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.