डागी डाळिंबांचा एक क्रेट

आजचा एपिसोड छोटा आहे. विषय, डाळिंबाचे दाणे.

झालं असं, सांगोल्याहून मामाचा फोन आला. "तेल्या आलाय रे, डागी माल व्यापारी घेईना. तुला एक क्रेट पाठवू का?" तेल्या हा जिवाणूमुळे होणारा रोग. सालीवर काळे, तेलकट डाग पडतात. फळ उकललं नसेल तर आतले दाणे बरेचदा चांगलेच असतात. पण भाव ठरतो सालीवर!

क्रेट आला. फ्लॅटवर आम्ही तिघं. नुसतं खाऊन किती खाणार?

आधी सोलणं. वरचा मुकुट कापा, सालीला उभ्या चिरा द्या आणि फळ पाण्याच्या पातेल्यात फोडा. दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो. शर्टही वाचतो! तपकिरी किंवा आंबूस वासाचे दाणे सरळ टाकून द्या.

पहिल्या दिवशी मी दाणे पोह्यांच्या फोडणीतच टाकले. रंग गेला, रस गेला, तोंडात नुसत्या बिया. तेव्हा नियम एकच: गॅस बंद केल्यावर, वाढताना घाला. पोहे, उपमा, दहीभात, सगळ्यावर चालतात. कोशिंबिरीतही शेवटी, कारण काकडीला मिठाने पाणी सुटतं. दाबेलीवाला पण दाणे वरूनच घालतो ना!

मग वाटलं, दाणे वाळवून छोल्यांत घालू. फसलं. छोल्यांतला अनारदाना हिमाचल, जम्मूकडच्या आंबट, रानटी डाळिंबांचा असतो. आपला भगवा गोड. छोल्यांसाठी अनारदाना विकतच आणा, जरा भाजून पूड करा.

ज्यूस करताना मिक्सर थांबत थांबत, दोन-तीनदाच फिरवा. बिया वाटल्या गेल्या की तुरट लागतो. गाळून जिरेपूड, काळं मीठ घाला.

उरलेले दाणे ताटात एका थरात पसरून फ्रीझ करा, मग डब्यात भरा. नंतर ते मऊ पडतात, म्हणून दह्यात किंवा ज्यूसमध्येच वापरा.

दोन आठवड्यांत क्रेट संपला. मामाला पैसे पाठवले, तर म्हणाला, "डागी मालाचे कसले पैसे?" मी म्हटलं, "मामा, आम्ही साल नाही खाल्ली."

तर पुढच्या वेळी गाडीवर डागी डाळिंब दिसलं, तर हातात घेऊन बघा. जड असेल, उकललं नसेल, तर घेऊन टाका.

भेटू पुढच्या एपिसोडला!