वाटी-चमच्याचे माप
(खंडाळा येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



स्वयंपाक शिकवायला शाळा लागते का? असे कोणी विचारले, तर आपण हसतो. स्वयंपाक आई शिकवते, सासू शिकवते. खरे आहे. पण आईजवळची विद्या पुष्कळदा आईबरोबरच जाते, हेही खरे आहे. ती टिकवायची कशी? आज आम्ही तुम्हांला एका बाईंची हकिकत सांगतो.

बाईंचे नाव कमलाबाई ओगले. जन्म १९१३ सालचा. गाव कुंडल, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. शाळा फक्त चौथीपर्यंत. पुढचे शिक्षण झाले ते चुलीपुढे, सासूबाईंच्या हाताखाली. तेथे त्या सुगरण झाल्या.

सुगरणी तर गावोगाव असतात. मग कमलाबाईंनी वेगळे काय केले? त्यांनी आपली विद्या दुसऱ्यांना दिली. पाककलेचे वर्ग घेतले. १९७० साली त्यांचे 'रुचिरा' हे पुस्तक निघाले.

शिकवताना अडते कुठे, बघा. आपण नव्या सुनेला सांगतो, "मीठ अंदाजाने घाल." अंदाज आपल्या हाताला ठाऊक. तिच्या हाताला कसा ठाऊक असणार? मग भाजी खारट होते आणि बोलणी ती खाते! कमलाबाईंनी माप दिले ते वाटीचे आणि चमच्याचे. तराजू नको, वजने नकोत. वाटी-चमचा कोणाच्या घरात नाही? त्यामुळे ज्यांची आई जवळ नाही, अशा मुलीही पुस्तक उघडून स्वयंपाकाला लागल्या. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. चौथी शिकलेल्या बाईंचे हे पुस्तक पदवीधर मुलीही वाचतात.

कमलाबाई १९९९ साली वारल्या. त्यांची विद्या मात्र मागे राहिली. कारण ती कागदावर उतरली होती.

आता आपल्या घराकडे वळू. हुलग्याचे माडगे करणारी म्हातारी अजून तुमच्या घरात असेल. पीठ किती, पाणी किती, लसूण केव्हा घालायचा, हे सारे तिच्या हातात आहे. तिच्यामागे ते कोणाला विचारणार?

म्हणून एवढे करा. आज घरी गेल्यावर तिच्याजवळ बसा. ती पीठ घेईल ते वाटीने मोजा. मोजाल ते पाटीवर लिहा, मग वहीत उतरवा. अक्षर वाकडे आले तर येऊ द्या. शब्द चुकला तर गुरुजी दुरुस्त करतील. माप मात्र चुकू देऊ नका. ते दुरुस्त करणे गुरुजींच्या हातचे नाही!