960 रुपये गेले कुठं?

आज वही-पेन जवळ घेऊन बसा. आपण टक्केवारीचं एक गणित सोडवणार आहोत. हेच गणित चुकलं आणि गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाला 960 रुपये कमी मिळाले.

आम्ही चकलीची भाजणी करतो. डाळ-तांदूळ, धने-जिरे, दळण, पिशवी आणि आमची मजुरी धरून अर्ध्या किलोच्या पाकिटामागं 120 रुपये हातात पडायला हवे होते. दुकानदार म्हणाले, "विक्रीच्या किमतीवर 20 टक्के कमिशन घेईन." आम्ही 120 चे 20 टक्के काढले, 24 आले. मिळवले आणि पाकिटावर 144 रुपये किंमत टाकली. 200 पाकिटं विकली. 24,000 यायला हवे होते, आले 23,040.

बैठकीत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, दुकानदारानं फसवलं. कुणी हिशेब लिहिणाऱ्या ताईंकडं बघायला लागलं. ताई वही पुढं ठेवून गप्प बसल्या.

मग आम्ही सगळ्याजणींनी मिळून आकडे पुन्हा मांडले. आम्ही 20 टक्के 120 वर धरले होते, दुकानदारानं कापले 144 वर. ठरलंही तसंच होतं. 144 चे 20 टक्के म्हणजे 28 रुपये 80 पैसे. हातात उरले 115 रुपये 20 पैसे. पाकिटामागं 4 रुपये 80 पैसे कमी, 200 पाकिटांचे 960. दुकानदार खरे होते, ताईही खऱ्या होत्या. चुकलं होतं ते आम्हा सगळ्यांचं गणित.

मग किंमत ठरवायची कशी? जी किंमत अजून माहीत नाही, तिला 'क्ष' म्हणायचं. घाबरू नका. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव न घेता 'हे' म्हणायच्या, तरी कुणाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळायचं. तसाच हा क्ष.

क्ष म्हणजे पूर्ण किंमत, 100 टक्के. त्यातले 20 दुकानदाराचे. उरले 80 टक्के, ते आपले 120 रुपये. आता लिहा:

क्ष × 80 ÷ 100 = 120
म्हणून क्ष = 120 × 100 ÷ 80 = 150

ताळा करून बघा. 150 चे 20 टक्के 30. ते वजा केले की उरले 120. जमलं!

कर्ज घेतानाही हेच करा. समजा, हातात 49,000 हवेत आणि 2 टक्के फी आधीच कापली जाणार आहे. मग 49,000 म्हणजे 98 टक्के. 49,000 × 100 ÷ 98 = 50,000. एवढ्याचा अर्ज करावा लागेल. आणि लक्षात ठेवा, हातात 49,000 आले तरी कर्ज 50,000 चंच असतं. फेडायचं तेवढंच, आणि व्याजही त्यावरच.

आता एक गणित तुमच्यासाठी. 5 टक्के कर धरून बिल 1,050 रुपये झालं. मूळ किंमत किती? इथं कर वर चढलाय, म्हणून 1,050 म्हणजे 105 टक्के. उत्तर 1,000 आलं की समजा, जमलं.

पुढच्या वेळी कुणी टक्के सांगितले, की आधी विचारा, "कशावर?" आता आम्ही बैठकीत किंमत ठरवताना सगळ्याजणी ताळा करतो. वही ताईंचीच असते, पण हिशेब सगळ्यांचा असतो.